भाकरीनंतरचा होकार

पौषातला गुरुवार, सकाळी अकरा. हजर : अध्यक्ष, म्हणजे आमचे निवृत्त झालेले सर, वकीलसाहेब, डॉक्टरबाई, सदस्य-सचिव मी, आणि जिच्या अभ्यासावर बोलायचं होतं ती विद्यार्थिनी. गैरहजर कुणी नाही.

नांदेडच्या समाजकार्य कॉलेजातली ही आमची समिती. माणसांना प्रश्न विचारून होणारं संशोधन आमच्या नजरेखालून जातं. ज्यांना विचारलं त्यांना पुढे त्याचा त्रास होऊ नये, एवढंच पाहायचं. विद्यार्थिनीचा विषय होता, निराधार बायकांच्या आधारगृहातून घरी परतलेल्या बायका. संमतीपत्रांवर सगळ्यांच्या सह्या जागच्या जागी होत्या. तरी त्यांतल्या एकीला सचिवानं स्वतः भेटायचं, असा आमचा नियम आहे. म्हणून आदल्या आठवड्यात मी निलंग्याकडे जाऊन आले होते.

तो दिवस अजून धुक्यातूनच आठवतो. लातूर मागे पडलं तशी एसटी जणू रस्त्यावरून नाही, पाण्यातून चालली होती. उसाचे तुरे तेवढे वर तरंगत होते. मी पिशवीतले कागद क्रमानं लावले, पुन्हा लावले, आणि मग कशासाठी लावत होते तेच विसरून बाहेर बघत बसले.

जिला भेटायचं होतं ती बाई दारातच शिलाई मशीनवर बसली होती.

"जयभीम, ताई. या. लेकीचा ड्रेस शिवायलेय. आधी च्या घ्या."

"आधी विचारते, मग घेते. मुलाखत मनापासून दिलीत ना?"

ती हसली. "त्या पोरीनं माझ्या घरची भाकर खाल्ली. पोटभर. मग म्हणली, मावशी, बोलाल का? खाऊन बसलेल्या माणसाला न्हाई कसं म्हणावं?"

"आणि आता मी विचारलं तर?"

मशीन थांबलं. "आता न्हाई म्हणते. मी लातूरला शिवणकामाला होते, असं सांगितलंय लेकीला. आधारगृहाचं तिला ठाव न्हाई. पुढच्या साली ती कॉलेजात जाईल, चार पुस्तकं वाचील."

"तुमचं नाव कुठंच येणार नाही."

"नाव नसू द्या. बोलणं तर माझंच हाय न? लेक वळखते, ताई."

चहात गवती चहा होता. ऊन धुक्यातून हळूहळू मशीनच्या चाकावर उतरत होतं, आणि मला वाटलं, इथं उठायची वेळ येऊच नये.

बैठकीत हे सांगितलं तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, "म्हणजे आता संशोधन उपाशीपोटी करायचं का, मॅडम?"

विद्यार्थिनी उदगीरच्या व्यापारी घरातली. ती खाली बघत म्हणाली, "सर, मी खाल्लं नसतं तर मावशींना काय वाटलं असतं? आमच्या घरची माणसं त्यांच्याकडचं पाणीसुद्धा घेत नव्हती. म्हणून मी स्वतः मागून भाकर घेतली."

खिडकीतून दूर विष्णुपुरी धरणाचं पाणी नुसतं उजेडासारखं दिसत होतं. अध्यक्ष सर तिकडे बघतच म्हणाले, "भाकर खायची. बरं केलंस. पण त्या दिवशी विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या माणसानं विचारायचं."

"आणि मावशींवरचं हे प्रकरण?" तिनं विचारलं. तिच्या प्रबंधातलं तेच सगळ्यात चांगलं होतं. उत्तर तिलाही माहीत होतं. तिनं आमच्यासमोर ध्वनिमुद्रण पुसलं आणि पानं डॉक्टरबाईंच्या हाती दिली. डॉक्टरबाईंनी ती तिथंच फाडली.

आता हे त्या बाईला कळवायचं आहे. घरातला फोन लेकीच्या हातात असतो, पत्र आलं तर तीच वाचून दाखवणार. समक्षच जावं लागेल, लेक शाळेत असताना. परीक्षा संपली की विद्यार्थिनीही येते म्हणाली आहे. तिची परीक्षा संपायची आहे, माझी रजा मंजूर व्हायची आहे, आणि निलंग्याकडे ती बाई अजून धास्तावलेलीच आहे.