पंचविसावी पिशवी

गावाला विष घालण्याचा माझा मुळीच विचार नव्हता. मला फक्त बायकोचा खोकला थांबवायचा होता.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. कोल्हारच्या पुलापासून तीन मैलांवर आमचं गाव. आमचं म्हणजे बायकोचं! मी घरजावई. नगरात अकरा वर्षं बुकबाइंडिंग केलं. मग सासरे वारले, आणि त्यांची पिठाची गिरणी चालवायला एकुलती एक लेक तेवढी उरली. सुंदरा तिचं नाव. "मी गिरनी सोडून नगरला ऱ्हानार न्हाई," एवढंच ती म्हणाली. तेव्हा मीच खळीची कढई, दाभण आणि दोऱ्याची रिळं पिशवीत घालून तिच्या गावी आलो. गाव मला 'जावईबापू' म्हणायचं. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

गिरणी सुंदराच चालवायची. इंजिन ती सुरू करायची, पट्टा ती चढवायची, दगडांना टाकी तीच लावायची. (मला त्या इंजिनाची भीती वाटायची. सांगून टाकतो एकदाचं.) मी कोपऱ्यात शाळेची हजेरीपुस्तकं बांधत बसायचो. पण सुंदराला दमा जडला होता. गिरणीच्या कापडी नळीतून डब्यात पीठ पडायला लागलं की धुरळा उठायचा, आणि ती भिंतीला हात टेकून खोकायला लागायची. पाच पाच मिनिटं! दळण आणलेल्या बायका तोवर डबे धरून ताटकळायच्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "बाई, पिठापासून लांब राहा. नाहीतर दोन-चार वर्षांची गोष्ट आहे."

"त्याला काय जातंय सांगायला!" घरी येऊन सुंदरा म्हणाली. "बापाची गिरनी हाय. पिठापासनं लांब जाऊन भाकरी कशाची थापू, मातीची?"

ती पीठ सोडणार नाही म्हटल्यावर एकच गोष्ट उरली. पिठालाच उडू द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

तेव्हा बंधाऱ्याचं दुष्काळी काम चालू होतं. मी हजेरीची बुकं पोचवायला गेलो, तर तागाच्या पोत्यांशेजारी सिमेंटची दहा-बारा कागदी पोती रचलेली. दोन्ही टोकं पक्की बंद! तोंड असं नाहीच. मी मुकादमाला विचारलं, "मग हे भरलं कुठून?"

"जावईबापू, भरल्यालं हाय न्हवं? मग झालं की!"

माझं कुठलं झालं! मी पोत्याभोवती चार फेऱ्या मारल्या तेव्हा कोपऱ्यात सापडलं. कागदाची एक चपटी नळी, आतल्या बाजूला वळवलेली. तिच्यातून भरायचा नळ आत घालायचा. माल भरला की नळ काढून घ्यायचा. मग आतला मालच त्या कागदाला दाबतो आणि तोंड आपोआप मिटतं. ना सुतळी, ना गाठ! एक रिकामं पोतं मागून घेतलं, घरी आणून अंथरुणावर पसरलं आणि चाकूनं एकेक घडी सोडवली.

सुंदरा म्हणाली, "सिमीट वाकळंवर सांडलं! आज निजायचं कुटं, बंधाऱ्यावर?"

कृती सोपी होती. (सगळ्या सत्यानाशांची सुरुवात या वाक्यानं होते.) खाकी कागदाच्या एकात एक तीन नळ्या करायच्या. दोन्ही टोकं पुस्तकाच्या कोपऱ्यासारखी दुमडून चिकटवायची. एका कोपऱ्यात वीतभर कागदी नळी आत लोंबती सोडायची. तिला मी जीभ म्हणायचो. सगळी मेख खळीत. जिभेला बाहेरून खळ लावायची, पण आतून एक थेंब लागता कामा नये. लागला की जीभ कायमची चिकटली.

पहिली पिशवी केली, तिची जीभ मी बाहेर काढून ठेवली होती. कोंडा भरला, ऐटीत खांद्यावर घेतली, आणि सगळा कोंडा माझ्या सदऱ्यात! दुसरीची जीभ आतून चिकटली. तिच्यात काहीच जाईना, आणि सुंदरानं इंजिनाचा जोर वाढवल्यावर पीठ उलट आमच्याच तोंडावर आलं. तिसरी बुडाला फाटली, ती नेमकी बाबूतात्यांच्या अंगावर. बाबूतात्या म्हणजे आमचे शेजारी. पासष्टीचे. विडीला विस्तव मागायला आले होते.

"जावईबापू," डोळ्यांतलं पीठ पुसत ते म्हणाले, "मी काय भजं हाय व्हय, पिठात घोळायला?"

चौथी साधली. सुंदरानं नेहमीसारखा नाकाला पदर बांधला, इंजिन चालू केलं, तोंड फिरवून उभी राहिली. मी पिशवीची जीभ गिरणीच्या नळीवर चढवली. पिशवी फुगत गेली, भरली. मी ओढून काढली. कोपरा मिटला! मी ती उलटी धरली, हलवली, आपटली. चिमूटभर पीठ सांडलं नाही.

सुंदरानं हळूच पदर सोडला. श्वास घेतला आणि खोकल्याची वाट पाहत राहिली. आम्ही दोघंही वाट पाहत होतो.

"न्हाई आला," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"इंजिनाचा धूर गेला असेल डोळ्यात," मी म्हणालो.

"गप ऱ्हावा वो तुमी!"

इथं थांबलो असतो तर! पण शहाणपण सुचतं ते दुसऱ्यांना. आठ दिवस कढईभर खळ करून मी आणखी चोवीस पिशव्या बांधल्या आणि गावात सांगून आलो, "घरटी एक पिशवी, जावयाकडून भेट!" रेशनच्या लाल मिलो ज्वारीचं दळण घेऊन झाडून सगळ्या बायका आल्या. पिशवीमागून पिशवी भरत गेली. सुंदरा तोंडाला पदर न बांधता उभी होती, आणि दळता दळता चक्क बोलत होती! कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाची म्हैस छावणीत पाठवली. तिला इतकं बोलताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. मी कोपऱ्यात बसून नुसता तिच्याकडे बघत होतो आणि फार सुखी होतो.

एकच भानगड झाली. पलीकडच्या आळीची कोंडाबाई पिशवी घेऊन परत आली.

"जावईबापू, हिचं त्वांड कुटंय?"

"कोपऱ्यात आहे. पण ते आतून मिटतं."

"मंग मी काय आत जाऊन उगडू?"

पिशवी मिटायची कशी याचा मी महिनाभर विचार केला होता. उघडायची कशी याचा एक मिनिटही नाही! "विळीनं काप," मी म्हणालो. कोंडाबाईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुस्तकं आवरायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूतात्या आले. तळहातावर पिठाचा एक खडा होता. "पिशवीच्या कोपऱ्यात घावला. लाल पिठात हिरवं कसं काय वो?"

मी बघितलं. जिभेच्या ओल्या खळीला चिकटून सुकलेलं पीठ. हिरवट-निळं.

सुंदरानं इंजिन पुसायची चिंधी खाली ठेवली. "खळीत काय काय घातलं हुतं?"

"नेहमीचंच. कणीक, पाणी, तुरटी..."

"आन्?"

"मोरचूद," मी म्हणालो.

बुकबाइंडरच्या खळीत मोरचूद असतंच. कसर लागत नाही, झुरळं फिरकत नाहीत, उंदीर तोंड लावत नाही. अकरा वर्षं रोज घातलं, तर हात आपसूक डबीकडे गेला. मोरचूद हे विष आहे. पण पुस्तकाला ते चालतं, कारण पुस्तक कोणी खात नाही!

"तात्या, तुम्ही भाकरी खाल्ली नाही ना?"

"खाल्ली की अर्दी. कडू लागली. म्हटलं रेशनची मिलो, त्यात काय नवाल!" एवढं बोलून तात्यांनी ओट्याखाली वाकून ती अर्धी भाकरी परत केली.

मी अनवाणीच पळालो. "पीठ खाऊ नका! भाकरी टाकून द्या!" लोकांना दोन वेळचं धड मिळत नव्हतं, त्या साली भाकरी टाका म्हणून ओरडत पळणारा माणूस मी एकटाच असेन. माणसं दारात येऊन बघायला लागली. कोंडाबाईनं तर पिशवी पोटाशीच धरली.

"दिल्याली भेट माघारी मागतोस? असला कसला जावई?"

"अगं, त्यात विष आहे!"

"काल तर म्हनलास भेट हाय!"

"दोन्ही आहे!"

तिचा नातू चुलीपुढं बसला होता, हातात तुकडा. मी झडप घालून तो काढून घेतला. भुकेलं पोर रडायला लागलं. त्याचं ते रडणं मला अजून ऐकू येतं.

दुपारपर्यंत पिशव्या मोजल्या. चोवीस! तात्यांखेरीज कोणी खाल्लं नव्हतं, पण साधलेल्या पिशव्या होत्या पंचवीस; पंचविसावी कुठं गेली? ज्या घरात ती असेल तिथं आज संध्याकाळी भाकरी थापली जाणार. मी पुन्हा सगळं गाव पालथं घातलं. कणगीत डोकावलो, खुराड्यात हात घातला, कोंबडीनं चोच मारली. कोणाकडंच नाही! आणि तेवढ्यात गिरणीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

धावत गेलो. वर्षाची बेगमी म्हणून जपलेली आमची ज्वारीची दोन पोती सुंदरानं फोडली होती. चोवीस घरांचं पीठ ती नव्यानं दळत होती. पिशवी नाही, काही नाही. उघड्या डब्यात. धुरळ्यात ती नीट दिसतही नव्हती.

"सुंदरे, बंद कर! उद्या दळू!"

"आज पोरं काय खातील?" ती खोकत खोकत म्हणाली. "इष आपन दिलं, तर भाकरी बी आपनच द्यायची."

मी इंजिन बंद करायला पुढं झालो, आणि मला ते बंद कसं करायचं हेच माहीत नव्हतं! इतक्या वर्षांत शिकलो नव्हतो. मग मी अंगातला सदरा काढून नळीभोवती धरला. धुरळा बाहीतून निघायला लागला. दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो, ती दळत आणि मी सदरा धरून. बायका येऊन पीठ घेऊन गेल्या. शेवटचा डबा गेला तशी सुंदरा भिंतीला टेकून खाली बसली. तिला श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. अगदी माझ्या खळीच्या रंगाचे.

मी तिच्यापुढं बसून रडायला लागलो. "एक पिशवी राहिलीय गं! कोणीतरी मरणार माझ्यामुळं!"

तिनं हात उचलून कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे बोट केलं. मी झाकण उघडलं. तिच्या लग्नातल्या लुगड्याखाली ती होती. पहिली साधलेली पिशवी, जशी भरली होती तशीच.

"साऱ्या गावाला इचारलं," एकेका श्वासाला एकेक शब्द काढत ती म्हणाली, "मला... इचारलं का?"

"पण तू ठेवलीस कशाला?"

"त्या दिशी... खोकला न्हाई आला. म्हनून."

बाबूतात्या तिसऱ्या दिवशी ठणठणीत झाले आणि दहा वर्षांचं पोट साफ झालं म्हणून गावभर सांगत सुटले. "तसलं पीठ ऱ्हायलंय का वो?" असं मला अडवून विचारायचे. जमा केलेल्या पिठाची मी सगळी खळ केली. त्या खळीनं शाळेची पुस्तकं मी पुढं कितीतरी वर्षं बांधली. मोरचुदाशिवायच्या कोऱ्या पिशव्याही करून पाहिल्या, पण गावात कोणी हात लावीना. "जावयाची पिशवी? नगं बाबा!" म्हणायचे. त्यांचंही चुकलं नाही. सुंदरा पुन्हा नाकाला पदर बांधून डब्यात दळायला लागली.

दोन वर्षांनी पौषात ती गेली. डॉक्टरांनी दोन-चार म्हटलं होतं. वरची दोन त्या एका दिवसानं खाल्ली की काय, हे मी कोणाला विचारलं नाही. विचारायचं होतं तिलाच, आणि ती म्हणाली असती, "गप ऱ्हावा वो तुमी."

पिशवी अजून ट्रंकेत आहे, लुगड्याखाली. कापल्याशिवाय ती उघडायची कशी हे मला अजून साधलेलं नाही, आणि कापायला हात होत नाही. दर पौषात बाहेर काढतो, उन्हात धरून सगळ्या बाजूंनी बघतो. लुगडं कसरीनं पार चाळणी करून टाकलंय. पिशवीला मात्र एक भोक नाही. मोरचुदाचं माप तेवढं माझं बरोबर पडलं होतं.