गिरिजाताईंची गाडी

आमच्या मजल्यावरच्या गिरिजाताईंकडे गाडी चालवायचं पक्कं लायसन्स आहे, हे बिल्डिंगमध्ये कुणाला सांगून पटायचं नाही. त्यांना गाडी चालवताना कुणी पाहिलेलंच नाही. नोकरीत असताना त्या पहाटेच्या बॅचला जाऊन शिकल्या, पहिल्याच फटक्यात टेस्ट पास झाल्या आणि पेढे घेऊन घरी आल्या. त्यांचे मिस्टर पंढरीनाथ यांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "छान. आता ते लायसन्स जपून ठेव."

पंढरीनाथ माणूस वाईट नाही. फक्त त्यांचा जीव नो क्लेम बोनसमध्ये अडकलेला. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी सांगते: वर्षभर विमा कंपनीकडे भरपाई मागितली नाही, तर पुढच्या हप्त्यात सूट मिळते, आणि ती वाढत वाढत अर्ध्यापर्यंत जाते. एकदा क्लेम केला की सगळं पाण्यात. पंढरीनाथ ही सूट तळहाताच्या फोडासारखी जपत. भाईंदर पूर्वेच्या गल्ल्यांत रिक्षांनी त्यांच्या मोठ्या डिझेल गाडीला जागोजागी चेपवलं. एका टेम्पोने बंपर फाडला, तो त्यांनी तारेने बांधला, पण क्लेम म्हणून केला नाही. आणि बायकोला कधी चावी दिली नाही. "तू ठोकलीस तर बोनस जाईल," एवढंच कारण. तेही रागावून नाही, अगदी समजुतीने सांगायचे. मला तेच जास्त झोंबायचं.

ताईंना काही काश्मीरला जायचं नव्हतं. जवळच, उत्तनच्या रस्त्याने डोंगरी गावापर्यंत जायचं होतं, एकटीने, काच खाली करून. मी एकदा म्हटलं, बस जाते की तिकडे. तर म्हणाल्या, "बस दुसरं कुणीतरी चालवतं गं, नेहा."

रिटायर झाल्यावर हातात पैसे आले, तेव्हा त्यांनी डोकं लढवलं. नवऱ्याला कळेल अशा भाषेत बोलल्या. मोठी गाडी विकू, स्वस्तातली छोटी नवी घेऊ. इंजिन लहान म्हणजे विमा कमी. शिवाय पैसे माझे. पंढरीनाथांनी आठवडाभर एजंटला फोन करकरून त्याला भंडावून सोडलं आणि शेवटी खूश होऊन हो म्हणाले. त्या संध्याकाळी ताईंनी मला जिन्यात गाठलं. "माझ्या नावावर घेणार आहे. मग चावी माझ्याकडेच राहील." बोलताना त्यांचा चेहरा असा काही फुलला होता, की मला हसूच आलं.

शोरूमला मीही गेले, रंग निवडायला म्हणून. सेल्समनने नाव विचारलं. ताई पूर्ण नाव सांगू लागल्या, तेवढ्यात पंढरीनाथांनी बोनसचं काढलं.

"बोनस तो सर का है ना," सेल्समन म्हणाला. "गाडी सर के नाम पे लोगे तो ट्रान्सफर हो जाएगा. मॅडम के नाम पे लिया तो झीरो से शुरू."

बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. हे आम्हा दोघींना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

"अगं, नाव कुणाचंही असो, गाडी घरचीच ना?" पंढरीनाथ म्हणाले. "इन्शुरन्स कमी व्हावा म्हणूनच तर घेतोय. तूच म्हणालीस."

म्हणाल्या होत्याच. मी टेबलाखालून त्यांना पाय मारला. त्या समोरच्या निळ्या गाडीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं."

गाडी आली. पंढरीनाथांनी हार घातला, फोटो काढले आणि मग तिला कव्हर घातलं. चावी त्यांच्या खिशात गेली.

मागच्या आठवड्यात ते चावी घरी ठेवून ट्रेनने सफाळ्याला एका लग्नाला गेले होते. दुपारी मी खाली उतरले, तर कव्हर अर्धं वर सरकवलेलं आणि ताई ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या. मी दुसऱ्या बाजूने आत शिरले.

"चावी?"

त्यांनी मूठ उघडून आतली चावी दाखवली.

"मग चला की! उन्हाचं त्या रस्त्याला काळं कुत्रं नसतं."

"ओरखडा गेला तर?"

"जाऊ दे! गाडी तुमच्या पैशांची आहे."

"बोनस त्यांचा आहे ना. किती वर्षं जपलाय त्यांनी."

मला असा राग आला! त्यांचा, त्यांच्या नवऱ्याचा, सगळ्या विमा कंपन्यांचा. पण त्यांचे डोळे भरलेले पाहिले आणि माझ्या बाजूचं दार ओढून घेतलं.

"मला फार वाटतं गं चालवावीशी," स्टिअरिंगवर हात ठेवून त्या म्हणाल्या. "अशी बसते कधी कधी. सीट पुढे घेतली की पाय बरोबर पोचतात."

थोड्या वेळाने त्यांनी सीट मागे सरकवली, आरसा पुन्हा पंढरीनाथांच्या उंचीला लावला आणि उतरल्या.