अक्राचा ढोल

इथे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला समुद्राकडून दमट वारा सुटला की हॉलमधल्या छोट्या ढोलाचं कातडं वास सोडतं, आणि मी पुन्हा घानातल्या अक्रा शहरात जाऊन उभा राहतो.

मी तिथे दुसऱ्यांदा गेलो होतो. ढोल बनवणाऱ्यांच्या गल्लीत मागून कोणीतरी ओरडत होतं, "क्वाकू, क्वाकू." मी खिशातला पासपोर्ट घट्ट धरून चाल वाढवली. शेवटी एका म्हाताऱ्याने धापा टाकत मला गाठलं. "स्वतःचं नाव विसरलास?"

तेव्हा आठवलं. चार वर्षांपूर्वी हा ढोल मला विकताना त्यानेच विचारलं होतं, तुझा जन्म कुठल्या वाराचा? मी आयटीतला माणूस. जन्माची माहिती विचारणारा प्रत्येक जण मला चोरच वाटतो. मी बुधवार म्हणून ठोकून दिलं. तिथे जन्मवारावरून नाव पडतं, हे मला कुठे ठाऊक होतं. त्याने लगेच ढोलावर 'क्वाकू' कोरलं.

त्याने मला गल्लीत गाठलं त्या संध्याकाळी, त्याच्या अंगणात त्याने ते नाव दुसऱ्या एका ढोलावर वाजवलं. शेजारपाजारची माणसं त्या ठेक्यावर माझ्यासाठी नाचली. मीही नाचलो, एक हात खिशावर ठेवून.

काल मुलीने ढोलावरची अक्षरं वाचली. "बाबा, हू इज क्वाकू?"

"मीच. बुधवारी जन्मलेला. ढोलवाल्या आजोबांनी ठेवलेलं नाव."

"बट यू वेअर बॉर्न ऑन अ फ्रायडे. डिड यू टेल हिम?"

म्हाताऱ्याने चार वर्षांनी मला नुसत्या पाठीवरून ओळखलं होतं. मी मात्र त्याला माझा वार शेवटपर्यंत सांगितला नाही.