बोटांच्या बेचकीतला किडा

माझ्या बायकोच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठलं आणि आमच्या ऊसतोडीच्या टोळीवरच्या सरदारानं, म्हणजे मुकादमानं, निकाल दिला : महारोग. त्याला रोगातलं काही कळत नव्हतं, पण तो ओरडून बोलायचा, त्यामुळं ऊसमळ्यावरच्या आमच्या कॅम्पात सगळ्यांना पटलं. तिला टोकाच्या रिकाम्या झोपडीत ठेवलं. भात दाराबाहेर ठेवायचा आणि मागं सरायचं. डॉक्टरनं महारोगच म्हटलं, की तिला लांबच्या बेटावर धाडणार होते. तिथून परत आलेलं कोणी मला माहीत नव्हतं. मी घाबरून गेलो होतो.

मळ्याचा डॉक्टर फ्रेंच होता. त्याच्याकडं पितळी सूक्ष्मदर्शक होतं. खरूज असेल तर कातडीखाली किडा सापडेल, म्हणाला. सापडला तर बाई इथंच राहील. आमचा संसार एका किड्यावर येऊन ठेपला.

अडचण उजेडाची होती. यंत्राच्या तळाशी गोल आरसा. तो उजेड वर फेकतो, तो काचपट्टीवरच्या वस्तूतून आरपार भिंगात शिरतो. वस्तू जाड असली की सगळं काळं. आणि आमच्या मळ्याच्या गावी, कार्तिए मिलितेरला, ढग बिऱ्हाड करून राहतात.

एकदाचं ऊन पडलं. बायको आली ती दोन्ही हातांना तेल-हळद चोपडून. दुखरे हात उघडे घेऊन आमची कुठली बाई परक्यासमोर जाईल? डॉक्टरनं खरवडून पाहिलं तर नुसते पिवळे गोळे.

"किडा न्हाई. म्या म्हणलंच व्हतं," सरदार म्हणाला.

डॉक्टरनं तिला हात धुवायला पाठवलं. ढग परत येत होते. तेवढ्या वेळात तो मला समजावत बसला : खालचं भिंग नळीत मोठं चित्र पाडतं, वरचं तेच आणखी मोठं करतं, फक्त उलटं. मी हो म्हणालो. त्या वेळी मी कशालाही हो म्हटलं असतं.

ती आल्यावर त्यानं सुईच्या टोकानं बेचकीतून काहीतरी उचललं, तेलाच्या थेंबात ठेवलं, मळसूत्र फिरवलं आणि थांबला.

"विनी गेते," म्हणाला. ये, बघ.

आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग उजळ वर्तुळात एक गोल किडा, आखूड पाय हलवणारा. नीट मधे आणावा म्हणून मी पट्टी ढकलली, तर तो उलट्याच बाजूला निघाला. डॉक्टरनं माझ्या हातावर चापट मारली. मला रडू आलं, चापटीनं नव्हे.

बायकोनंही पाहिलं, बराच वेळ.

"ह्यो माझ्या हातात व्हता? मग त्याला मारू नगा. ह्यानंच मला हितं ठेवली."

डॉक्टरनं गंधकाचं मलम दिलं. खरूजही लागते, जरा लांबून चाला, असं सरदार म्हणाला, आणि या वेळी त्याचं खरं होतं. मी तिचा हात धरला आणि भर दुपारी, सगळ्या कॅम्पासमोरून, तिला आमच्या झोपडीपर्यंत नेलं. महिनाभरानं मलाही खरूज झाली.