घाटावरची ओ

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. माझा चुलतभाऊ तापीत बुडाला असं सगळं गाव मानतं. त्याच्या चपला घाटावर नेऊन ठेवल्या होत्या मी. घरच्यांनी ठरवलेलं लग्न त्याला नको होतं. "बुडालो असं वाटलं म्हणजे कोणी शोधत बसणार नाही," असं त्याचं म्हणणं. त्याच सकाळी मी त्याला नंदुरबारला सुरतच्या गाडीत बसवलं. त्यानंतर त्याचा फोन कधी लागला नाही.

लोकांनी नदी धुंडाळली, मग थांबले. काकी, त्याची आई, थांबली नाही. दिवस कलला की ती अजूनही घाटावर उभी राहते नि लेकाला, तिच्या भाऊला, हाक मारते. "भाऊ, घर ये रे! जेवाले चाल!" बंधाऱ्यामुळे पाणी तिथं हलत नाही. हाक त्यावरून सरकत जाते नि कुठंतरी विरते.

मी शहाद्याला शाळेत इंग्रजी शिकवतो. मागच्या हिवाळ्यात वाया जाणाऱ्या धडपडीचे इंग्रजी वाक्प्रचार घेत होतो. मेलेल्या घोड्याला चाबूक मारणं, रानहंसामागं धावणं.

"सर, हंस कुठून आणू? नवापूरच्या पोल्ट्रीतल्या कोंबडीमागं धावलं तर चालेल का?"

वर्ग हसला. मग आमच्याच गावची एक मुलगी म्हणाली, "सर, ती आजी नदीवर हाका मारते, ते पण हेच ना?"

"हो," मी म्हणालो, "बरोबर उदाहरण." आणि फळा पुसायला वळलो.

त्या संध्याकाळी राहवेना, घाटावर गेलो. काकीनं मला पाहिलं. "उना का रे? गुपचूप उभा ऱ्हाय. तो आते ओ देस."

तिनं हाक मारली. पलीकडे केळीच्या बागा, काठावर चिटपाखरू नाही. आवाज खालून आला, पाण्याच्या आतून, त्याच्याच किंचित घोगऱ्या गळ्यानं.

"उनू व माय." आलो गं आई.

काकी समाधानानं हसली. "आयकं ना?"

त्या सकाळी गाडी हलेपर्यंत मी त्याच्या खिडकीशी उभा होतो. मग हा कोण? मी कोणाला विचारू? विचारायचं तर आधी सगळं कबूल करावं लागेल.

काकीला मी अजून एवढं सांगायचं देणं लागतो: तुझा मुलगा त्या दिवशी नदीत गेला नव्हता, आणि मला ते माहीत होतं.