उत्तमभाऊंचा कंप्रेसर

आपल्या पत्र्याच्या खोलीत रेकॉर्ड केलेलं प्रत्येक गाणं उत्तमभाऊ दोनदा ऐकायचे. एकदा स्पीकरकडे तोंड करून, एकदा पाठ करून. त्यांच्या फिरत्या खुर्चीचं एक चाक तुटलेलं होतं. ती कुरकुरत फिरवून ते भिंतीकडे तोंड करायचे, डोळे मिटायचे आणि मला पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगायचे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "पाठीलाबी कळलं पायजे ना सर. मैदानात समद्यांना पुढची जागा भेटती का?" मला ते पटलं. मी माजलगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. आवाजाच्या बाबतीत ते जे सांगतील ते मी खरं धरायचो.

आमची ओळख एका माहितीपत्रकामुळे झाली. एका दुपारी ते ग्रंथालयात आले, जय भीम केला आणि चार घड्या पडलेला इंग्रजी कागद टेबलावर पसरला. "एवढं मराठीत सांगा सर. पण लिवलंय तेच सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही घालू नका." ते पत्रक कंप्रेसर नावाच्या यंत्राचं होतं. त्याने गाण्याला उबदारपणा येतो, असं त्यात लिहिलेलं होतं. मी ते वाचलं तसे ते हसले. "उबदार? आपल्याकडं उन्हाळ्यात कुणाला पायजे उबदार? पुढं वाचा."

कंप्रेसर म्हणजे काय, हे त्यांनीच मला समजावलं. "मोठ्या आवाजाला म्हणायचं जरा खाली बस, मग बारक्याला वर घेता येतं. एवढंच काम. पण उजव्या बाजूला बसवलं तर डाव्यालाबी त्याच टायमाला बसवायचं. न्हाई तर गाणं एका कुशीवर झोपतं." म्हणून त्यांना दोन्ही बाजू एकत्र सांभाळणारं यंत्र हवं होतं. संगणकात हे सगळं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांचा संगणक जुना होता आणि दोन कामं एकदम सांगितली की बंद पडायचा.

ते दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष होतं. धरणाच्या पोटात तडे गेलेली जमीन दिसत होती. गावोगावच्या जयंत्या साधेपणाने उरकल्या होत्या, गाणाऱ्यांना बोलावणी नव्हती. बाराजणांनी मिळून कलावंतांची सहकारी संस्था काढली. आपली गाणी आपण रेकॉर्ड करायची आणि आपणच विकायची, असं ठरलं. इतिवृत्त लिहायला मला घेतलं. रेकॉर्डिंग अर्थातच उत्तमभाऊंच्या पत्र्याच्या खोलीत होणार होतं.

पहिलं काम गयाबाईंचं. त्या शिरूर कासारकडच्या, पन्नाशीच्या. दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या. जात्यावरच्या चालीत बाबासाहेबांची बारा गाणी त्यांना येत होती आणि ती कुठेही लिहिलेली नव्हती. आदल्या हंगामातून त्या परतल्या, तेव्हा महिनाभर त्यांच्या घशातून आवाज फुटला नव्हता. यंदा गेल्या तर काय घेऊन परत येतील, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून दसऱ्याच्या आत रेकॉर्डिंग उरकायचं होतं. पण बाई चार वावरांपलीकडच्या माणसाला ऐकू जावं तशा गायच्या. एखादा शब्द कुजबुजीसारखा, तर पुढचा एकदम आभाळात. कंप्रेसरशिवाय त्यांचं गाणं धरता येत नव्हतं.

संस्थेच्या ऐपतीत एकच यंत्र बसत होतं. शहरातल्या दुकानदाराने दोन यंत्रं आठ दिवस पारखायला दिली. एक चकचकीत, हलत्या काट्यांचं. दुसरं करडं, दिसायला बँकेतल्या जुन्या पेटीसारखं. उत्तमभाऊंनी दोन्हीवर सहा दिवस काढले. मला एकट्याला म्हणाले, "करडंच बरं. ढोलकीची थाप पडली की काट्याचं यंत्र दचकतं आणि त्या झटक्यात बाईचाबी आवाज दाबून टाकतं. ह्या करड्याला एक बटण हाय. जाड आवाजाकडं ध्यान देऊ नको म्हणून सांगता येतं त्याला."

"मग घेऊन टाका की," मी म्हणालो.

"मी कोण घेणारा? संस्था हाय ना सर. कानं समद्यांना हायेत."

रविवारी सकाळी सगळे सभासद जमले. उत्तमभाऊंनी एकच गाणं दोन्ही यंत्रांतून ऐकवलं आणि हात वर करायला सांगितले. काट्याच्या यंत्राला नऊ हात, करड्याला तीन. गयाबाईंचा हातसुद्धा काट्याच्या यंत्राला. "ह्यात मी जोरात हाय," त्या म्हणाल्या. मी इतिवृत्तात निकाल लिहिला. मंडळी बाहेर लिंबाखाली चहाला गेली.

खोलीत आम्ही दोघेच उरलो, तेव्हा उत्तमभाऊंनी खुर्ची फिरवली. भिंतीकडे तोंड करून काट्याच्या यंत्रातलं गाणं पुन्हा ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "सर, तुमी इथं बसा. डावीकडून जास्ती येतंय का?"

"बरंच जास्त येतंय," मी म्हणालो.

आवाज किती येतोय ते दाखवणारे मिक्सरवरचे डाव्या बाजूचे दिवे कधीच गेलेले होते. उत्तमभाऊंनी त्या विझलेल्या दिव्यांवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "डावा कान गेलाय माझा. दोन सालं झाली. खुर्ची फिरवली की उजव्यानं डावीकडचं ऐकतो. आज समद्यांसमोर फिरवायची लाज वाटली." काट्याच्या यंत्राची डावी बाजू जास्त उघडी राहिली होती. आवाज मोठा आला, आणि माणसाला मोठं तेच चांगलं वाटतं. हात त्या मोठेपणाला वर झाले होते.

मी म्हणालो, "कान सांगायची काय गरज? काही बिघाड होता म्हणू."

"न्हाई. इतिवृत्तात खोटं लिवणार का तुमी?"

ते बाहेर गेले. आवाज सारखे नव्हते, परत ऐकावं लागेल, असं सांगितलं. ढोलकीवाला रघू, त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त, चहाचा घोट घेत म्हणाला, "कावून बे? कारखान्याची निवडणूक हाय का, तुझ्या मनासारखा निकाल लागस्तोवर मतं घ्यायला?" दोघंतिघं हसले. तेव्हा उत्तमभाऊंनी कानाचं सांगितलं.

ज्या माणसाची भाकर कानावर, त्याने चारचौघांत हे सांगणं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळत होतं. गयाबाईंनी कप खाली ठेवला. "ह्या बोटाचं टोक कोयत्यानं नेलं माझ्या. मी हात लपवून गाते का? लाव रे भाऊ परत."

या वेळी उजवी बाजू त्यांनी जुळवली, डावी मी. करड्याला अकरा हात आले. रघूचा बारावा हात शेवटपर्यंत काट्याच्या यंत्राला. "माझी ढोलकी त्यात दणकती," तो म्हणाला. उत्तमभाऊ म्हणाले, "म्हणून तर नको."

बातमी तालुक्यात फिरायला आठवडा लागला नाही. लग्नाचे बँडवाले, भजनी मंडळं, हळूहळू सगळी दुसरीकडे जायला लागली. मला राग यायचा. त्यांना येत नव्हता, की राग यायची ताकद राहिली नव्हती, मला सांगता येणार नाही. एकदा एवढंच म्हणाले, "लोकांचंबी बरोबर हाय सर. अधू डोळ्याच्या ड्रायव्हरच्या गाडीत मी बसन का?"

गयाबाईंची अकरा गाणी झाली. मी रोज कॉलेज सुटल्यावर उत्तमभाऊंच्या डाव्या हाताला बसायचो. शब्द सुटा यावा, थाप थापेच्या जागी राहावी, यासाठी ते एकेका ओळीवर तास काढायचे. बाराव्या गाण्याच्या आदल्या दिवशी टोळीचा ट्रक अचानक लवकर आला आणि बाई निघून गेल्या.

हिवाळ्यात उत्तमभाऊंच्या किडन्यांनी साथ सोडली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात मी दर रविवारी जात होतो. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "बाई आली का?"

"कारखान्याचा पट्टा पडायला अजून महिना आहे. हंगाम संपला की येतील."

ते बराच वेळ पत्र्यासारख्या कोरड्या ओठांवर जीभ फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाराव्याला मशीन लावू नका. दमून आलेली असन ती. आधीच बसलेला आवाज हाय, त्याला काय बसवायचं. जसा येईन तसा घ्या."

चौथ्या दिवशी ते गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला रघूने ढोलकी आणली होती, पण वाजवली नाही.

गयाबाई चैत्रात आल्या. काळवंडलेल्या, घसा बसलेला. माईकसमोर त्या उभ्या राहू शकल्या नाहीत, खाली बसून गायल्या. करड्या यंत्राच्या तारा मी काढून ठेवल्या होत्या. मधल्या एका कडव्यात त्यांना दम लागला. त्या थांबल्या, श्वास घेतला आणि पुन्हा गायला लागल्या. रघूने तेवढा वेळ हात ढोलकीवर नुसता टेकवून ठेवला.

संस्थेची गाणी घेणारे लोक अजूनही मला विचारतात, अकरा इतकी स्वच्छ, मग शेवटचंच असं बारीक का, त्यात बिघाड आहे का? मी सांगतो, बिघाड नाही. बाई त्या दिवशी दमलेल्या होत्या.