काटेबाईंचा जावई का हरतो

बाजारातले लोक त्यांना काटेबाई म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण एकतीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून काढल्यावर आडनाव कुणाच्या लक्षात राहतं? सकाळी पितळी वजनांची पेटी घेऊन त्या बाजारात शिरल्या की खोकल्याची साथ पसरायची. एक दुकानदार खोकला की पुढचा सावध. काटेबाईंना हे ठाऊक होतं, म्हणून त्या शेवटच्या दुकानापासून सुरुवात करत.

निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही. यजमान आधीच गेलेले, मुलगी लग्न होऊन तीन गल्ल्या पलीकडे. मुलीचा जुना व्हिडिओ गेमचा कन्सोल माळ्यावर पडला होता. तो कुणाला तरी देऊन टाकावा म्हणून बाईंनी खाली काढला. पण चालतो की नाही हे बघितल्याशिवाय वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायची त्यांची पद्धत नव्हती. त्यांनी तो टीव्हीला जोडला, सुरू केला, आणि दुपारचं जेवण चार वाजता झालं. कन्सोल घरातच राहिला. पुढे मुलीने हातात धरून खेळायचा एक लहान गेमही आणून दिला.

बाई खेळायच्या, पण विश्वास ठेवायच्या नाहीत. प्रत्येक खेळाबद्दल चार ओळी वहीत लिहायच्या. वरून पडणाऱ्या ठोकळ्यांच्या खेळाबद्दल लिहिलं होतं, "लांब ठोकळा हवा तेव्हा येत नाही असा संशय. तीनशे ठोकळे मोजले. सातांत एक धरून त्रेचाळीस यायला हवेत, एक्केचाळीस आले. आरोप सिद्ध होत नाही. तरी लक्ष ठेवावे." गाड्यांच्या शर्यतीबद्दल, "मागे पडलेल्याला गुपचूप पुढे ढकलतात. सिद्ध. मी मुद्दाम भिंतीला टेकून उभी राहिले तर पुढच्या गाड्या माझ्यासाठी रेंगाळल्या." मासे पकडायच्या खेळाबद्दल, "खेळ शांत, पाणी सुरेख काढलंय. पण माशाचं वजन दोन दशांशांपर्यंत दाखवतात आणि काटा कुठेच दिसत नाही." हातातला गेम त्यांना जास्त आवडायचा. त्याबद्दल एवढंच लिहिलं होतं, "नजरेच्या टप्प्यात राहतो."

रविवारी मुलगी आणि जावई यायचे. जावई शीतगृहाच्या गोदामात माल उचलायचं मशीन, फोर्कलिफ्ट, चालवायचा. उंच, कमी बोलणारा, बाईंना 'आई' म्हणणारा. मुलगी आतल्या खोलीत पेपर घेऊन आडवी व्हायची आणि हे दोघं टीव्हीसमोर बसायचे. कन्सोलच्या रिमोटच्या वायरी आखूड, त्यामुळे पडद्यापासून जेमतेम हातभर अंतरावर सतरंजी टाकावी लागायची. त्यांचा ठरलेला खेळ बागेचा. वरून कावळे येतात फळं खायला, खालच्या बिळांतून उंदीर निघतात मुळं कुरतडायला. जो जास्त हाकलेल तो जिंकला.

सहा रविवारांत चोवीस डाव झाले. बावीस बाईंनी जिंकले.

पहिल्या दोन रविवारी त्यांना बरं वाटलं. तिसऱ्या रविवारी मनात शंकेची पाल चुकचुकली. बोटं जावयाची तरुण, सवय जावयाला लहानपणापासूनची, आणि जिंकायचं पासष्ट वर्षांच्या बाईने? कुठेतरी पाणी मुरत होतं.

"अगं, तुझा नवरा माझ्याकडून मुद्दाम हरतो," त्यांनी मुलीला गाठून सांगितलं.

"मग हरू दे की. तुझं काय जातंय?"

"मला खोटं माप चालत नाही."

"आई, तो जावई आहे. दुकानदार नाही."

सातव्या रविवारी वीज गेली. टीव्ही बंद, म्हणून बाईंनी हातातला गेम काढला. त्यात तोच बागेचा खेळ होता. आळीपाळीने खेळून आकडे ताडून बघायचं ठरलं. जावयाने तीन डाव खेळले आणि तिन्ही मोठ्या फरकाने जिंकले. कावळेही हाकलले, उंदीरही हाकलले. त्याला आनंद झालेला दिसला. बाईंना मात्र चोर रंगेहाथ सापडल्यासारखं झालं.

चहाचा कप त्याच्यासमोर ठेवत त्या म्हणाल्या, "जावईबापू, एक विचारू? टीव्हीवर तुम्ही मला जिंकू देता ना?"

"नाही आई."

"इथे तिन्ही डाव जिंकलात. तिथे चोविसात दोन. हात तेच, खेळ तोच."

"मी खरंच हरतो तिथे."

"तसं सगळेच म्हणतात. मी काटा हातात घेईपर्यंत."

जावयाने चहा तसाच ठेवला. "मला घरी जाऊन जरा पडायचंय," एवढंच म्हणाला आणि चपला शोधायला गेला. चपला दारातच होत्या, तरी सापडायला त्याला वेळ लागला. पुढचे दोन रविवार कुणी आलं नाही.

मुलीचा फोन आला तो चढ्या आवाजातच. "तू त्याची उलटतपासणी घेतलीस म्हणे. आधीच त्याचं कामावर बिनसलंय, त्यात तुझं हे."

"कामावर काय झालं?"

"दोनदा खालच्या खोक्यांना गाडी लागली. तो म्हणतो, दुसऱ्या पाळीचा मुकादम मुद्दाम वाटेत खोकी ठेवतो, याला अडकवायला. घरी येऊन तेच घोकत बसतो. परवा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पडला, तर म्हणे कुणीतरी पाणी सांडलं होतं. मी हात लावून बघितलं, कोरडी होती."

फोन ठेवल्यावर बाई वही उघडून बसल्या. त्यांना बाजारातला एक तेलवाला आठवला. त्याच्याविरुद्ध तक्रार आली होती, म्हणून त्यांनी त्याचा काटा जप्त केला होता. लबाडाचा काटा नेहमी गिऱ्हाइकाच्या विरुद्ध झुकतो. याचा कधी गिऱ्हाइकाच्या विरुद्ध, कधी त्याच्या स्वतःच्याच. खोलून बघितल्यावर आत गंजलेला खिळा निघाला. बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. बाईंनी मात्र त्याआधी भर बाजारात त्याला लबाड म्हटलं होतं.

प्रत्येक डाव संपला की खेळ कावळे आणि उंदीर वेगवेगळे दाखवायचा, आणि बाईंनी ते आकडे सवयीने उतरवून ठेवले होते. बेरीज मात्र एकत्रच केली होती. आता त्यांनी वेगळी केली. जावयाच्या वाट्याला आलेल्या दोनशे तीस कावळ्यांपैकी त्याने दोनशे बारा हाकलले होते. दोनशे अठ्ठावीस उंदरांपैकी एकसष्ट.

मुद्दाम हरणारा माणूस इकडचं थोडं, तिकडचं थोडं सोडेल. नेमके खालचेच का सोडेल? बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि खोकी, पायरी, चपला असं एकाखाली एक लिहिलं.

पुढच्या रविवारी मुलीने नवऱ्याला जवळजवळ ओढूनच आणलं. तो चेहरा पाडून उंबऱ्याशी उभा राहिला.

"या," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला लबाड म्हटलं, ते मागे घेते. पण संशय गेलेला नाही. तो आता दुसराच आहे. एकदा मी सांगते तसं खेळाल?"

"आता काय तपासायचंय?"

"बसा तर खरं."

नेहमीच्या जागी बसवून त्यांनी त्याला एकट्याला खेळायला लावलं. दहा उंदरांपैकी तीन. मग त्यांनी कन्सोलच स्टुलावर ठेवून वायर पुरेल तितका मागे ओढला आणि जावयाला भिंतीला पाठ लावून बसवलं. आठ. पुन्हा पुढे. तीन. पुन्हा मागे. नऊ.

"लांबून जास्त सोपं जातं," जावई म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"पुन्हा पुढे या." बाईंनी खेळ मध्येच थांबवला. पडद्यावर वर एक कावळा होता. "त्या कावळ्याकडे बघा. नजर हलवू नका. खाली डाव्या बिळाशी उंदीर आहे?"

"नाही."

"नीट बघा, पण नजर कावळ्यावरच ठेवा."

"बीळ रिकामं आहे, आई."

"आता खाली बघा."

जावयाने खाली बघितलं. उंदीर बिळाबाहेर उभा होता, चांगला वीतभर. त्याने पुन्हा कावळ्याकडे बघितलं, पुन्हा खाली. असं चार-पाच वेळा केलं. मग रिमोट मांडीवर ठेवला. मुलगी दारातून बघत होती.

जावई म्हणाला, "कामावर कळलं तर मला मशीनवरून उतरवतील."

"उतरवतील," बाई म्हणाल्या. "आणि नाही उतरवलं तर एखाद दिवशी त्या खोक्याच्या जागी माणूस असेल."

"तुम्ही सांगाल त्यांना?"

"मी नाही. तुम्ही सांगाल. पण आधी डॉक्टर."

तो मंगळवारी जातो म्हणाला. उद्या काटा दुरुस्त करून घेतो असं म्हणणारे बाईंनी आयुष्यभर पाहिले होते. मंगळवारी सकाळी आठ वाजता त्या त्याच्या फाटकाशी उभ्या होत्या. तो दुसऱ्याच दिशेला वळायच्या बेतात होता. तो मागे वळून त्यांच्याबरोबर चालू लागला.

दवाखान्यात त्याला एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. कुठेतरी बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. एक डोळा, मग दुसरा. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "यातही मी हरलो असणार."

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला. त्यावर दोन्ही डोळ्यांच्या नजरेचा नकाशा होता आणि त्याचा खालचा भाग काळा होता, डाव्याचा जास्त. काचबिंदू. तो दुखत नाही, समोरचं नीट दिसत राहतं, लहान किंवा लांबची वस्तू त्यात पूर्ण मावते, त्यामुळे भल्याभल्यांना कळत नाही, असं त्यांनी सांगितलं. गेलं ते परत येणार नाही. उरलेलं टिकवण्यासाठी रोज थेंब घालायचे, आणि त्यात खाडा नाही.

"तुम्हाला शंका कशी आली?" त्यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "उंदरांवरून." डॉक्टरीणबाई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग थेंबांची चिठ्ठी लिहू लागल्या.

जावयाने गोदामात स्वतः जाऊन सांगितलं. त्याच दिवशी त्याला मशीनवरून उतरवलं. महिनाभर त्याला कुणी काही काम देईना. नंतर माल आत येताना त्याचं तापमान बघून नोंदवायच्या टेबलावर बसवलं. ज्या मुकादमावर त्याने आळ घेतला होता त्यानेच ती जागा मिळवून दिली, हे त्याला फार लागलं. अकरा वर्षं त्याने ते मशीन चालवलं होतं. इतरांनी ते चालवताना आवाज आला की तो मान वर करायचा, असं मुलगी सांगायची.

बाईंशी तो बोलेना. मुलीबरोबर यायचा, पण आल्यावर गॅलरीत उभा राहायचा. एकदाच म्हणाला, "तुम्ही मोजलं नसतं तर आणखी काही वर्षं निघाली असती."

हिशेबाने बाईंचं चुकलं नव्हतं, पण त्यांचं मन त्यांना खात होतं. आपण या माणसाला वाचवायला निघालो नव्हतो, पकडायला निघालो होतो, आणि पकडता पकडता हे हाती लागलं, ही गोष्ट त्यांनी स्वतःपासून लपवली नाही. त्या मुलीला म्हणाल्याही. मुलगी म्हणाली, "ते त्यालाही कळतं, आई. म्हणूनच जास्त रागावलाय."

त्याचा राग कुणी समजूत घातल्याने गेला नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली आणि काळा भाग होता तेवढाच निघाला. त्या दिवशी तो एकटाच बाईंकडे आला. चहा प्यायला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "आई, एक काम आहे. डॉक्टर म्हणतात, सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यायला हवं. माझा मोठा भाऊ ऐकत नाही."

मोठा भाऊ न्हावी होता. दिवसभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवायचा. त्याचं म्हणणं, डॉक्टरच्या दारात पाऊल टाकलं की ते काहीतरी काढतातच, त्याशिवाय त्यांचा धंदा कसा चालणार?

"त्याला वाटतं मी उगाच घाबरवतोय," जावई म्हणाला. "तुम्ही बोला. तुमच्यासारखं हात धुऊन मागे लागायला कुणाला जमत नाही."

बाईंना हे कौतुक आहे की टोमणा आहे, कळलं नाही. त्या दुकानात गेल्या, रिकाम्या खुर्चीत बसल्या आणि गिऱ्हाईक येईपर्यंत बोलत राहिल्या. गिऱ्हाईक आल्यावरही उठल्या नाहीत. चौथ्या दिवशी भाऊ तयार झाला.

तपासणीच्या दिवशी जावई त्याला घेऊन गेला. अकरा वाजता बाईंनी फोन केला.

"गेला का आत?"

"गेला."

"तुम्ही बघितलंत?"

"माझ्यासमोर गेला, आई. दार लावून घेतलंय."

"त्या खोलीला मागून दुसरं दार आहे का?"

जावई म्हणाला, "थांबा, बघून येतो."

दुसरं दार नव्हतं. भावाचे डोळे चांगले निघाले, आणि डॉक्टरीणबाईंनी त्याला वर्षाने पुन्हा यायला सांगितलं. जावयाने हे कळवलं तेव्हा बाईंनी आधी तारीख विचारली, मग वार विचारला, आणि त्यानंतर म्हणाल्या की बरं झालं.